आईचं पूर्ववृत्त

माझी भाची रशियातून डॉक्टर होऊन परत आली, तेव्हा सोबत गुडघ्यापर्यंतचा एक जाड कोट आणि 'अनाम्नेझ' हा शब्द घेऊन आली. कोट सांगलीत घालायची सोय नव्हती. शब्द मात्र ती जेवतानासुद्धा वापरायची. आम्ही इथं शिकलेले डॉक्टर साधं 'हिस्टरी' म्हणतो. पेशंटची हिस्टरी घेतली का, हिस्टरीत काय निघालं, एवढ्यावर आमचं भागतं. तिच्याकडे हिस्टरी घेत नाहीत, अनाम्नेझ गोळा करतात, आणि तोही दोन प्रकारचा. एक रोगाचा, म्हणजे दुखणं कधी सुरू झालं, कसं वाढलं, आधी काय औषध घेतलं. दुसरा आयुष्याचा. त्यात माणूस कुठं जन्मला, लहानपणी घरात ओल होती का, कोणतं काम केलं, बाळंतपणं कशी झाली, कशाचं वावडं आहे, हे सगळं ओळीनं विचारायचं असतं.

मी तिला म्हणालो, की माझ्या कोरेगावच्या दवाखान्यात बाजाराच्या दिवशी हा असला अनाम्नेझ गोळा करायला बसलो, तर पहिला पेशंट उठेपर्यंत बाहेर बसलेले सगळे आपोआप बरे होऊन घरी गेलेले असतील. ती हसली नाही. इथं प्रॅक्टिस करायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचा तिचा अभ्यास चालू होता, आणि अभ्यासात माणसाचं हसणं कमी होतं. तुम्ही लोक आधी निदान ठरवता आणि मग त्याला लागतील तेवढेच प्रश्न विचारता, असं ती मला सुनावून गेली. मला राग आला, पण बसलो होतो तिच्याच आईनं वाढलेल्या ताटावर, म्हणून भात मागून घेतला.

हिस्टरी घेण्यात मी कच्चा आहे असं मला कुणी म्हणू नये. आमच्या भागात ते सोपं काम नाही. पेशंट बोलतच नाही. तो स्टुलावर बसून भिंतीकडे बघतो आणि सोबत आलेला माणूस बोलतो. बाईचं दुखणं नवरा सांगतो, नवऱ्याचं बायको सांगते, म्हाताऱ्यांचं कुणीही सांगतं. पेशंटलाच काही विचारलं तर तो सोबतच्याकडे बघतो, आपलं पोट दुखतंय की नाही हेही त्यालाच ठाऊक असल्यासारखा. शिवाय पूर्वेकडची, मेंढरांमागं आयुष्य काढलेली म्हातारी माणसं दुखण्याचा काळ मेंढरांवरून सांगतात. ताप कधी आला होता विचारलं तर 'कऱ्हाडाकडं मेंढरं बसवली व्हती तवा' असं उत्तर येतं. ते उत्तर बरोबर असतं. फक्त मेंढरं कऱ्हाडाकडे कधी उतरतात हे डॉक्टरला माहीत पाहिजे. मला माहीत आहे. वडिलांच्याच दवाखान्यात, वडिलांच्याच खुर्चीत बसून मी हे शिकलो.

मध्यंतरी आई माझ्याकडून बहिणीकडे, म्हणजे या भाचीच्या घरी, सांगलीला राहायला गेली होती. तिथं मोरीच्या उंबऱ्यावर पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. मी कोरेगावहून पोहोचेपर्यंत तिला एका खाजगी दवाखान्यात हलवलं होतं. दाखल करून घेताना नर्सनं माहिती विचारली. बीपी आहे, गोळी चालू आहे. शुगर नाही. दमा नाही, फिट नाही, आधीचं ऑपरेशन नाही, औषधाची ॲलर्जी नाही. ही सगळी उत्तरं मी दिली. आई स्ट्रेचरवर होती, पूर्ण शुद्धीत होती, पण मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी डॉक्टर, त्यात मुलगा, तिला काय विचारायचं.

ऑपरेशन दोन दिवसांनी ठरलं. आदल्या दिवशी दुपारी बहीण घरी डबा करायला गेली आणि आईजवळ मी आणि भाची उरलो. आईचा पाय वजन लावून ताणून ठेवला होता. दुखणं गोळ्यांनी दबलं होतं, पण ती कंटाळली होती. भाचीनं खुर्ची ओढली आणि म्हणाली, 'आज्जी, तुझा अनाम्नेझ घेते.' आईनं विचारलं, त्यात टोचतात का. टोचत नाहीत म्हटल्यावर ती खुशीनं तयार झाली.

आईचा जन्म कुठला, तर कुंडलचा. घर कसलं, तर मातीचं, वर कौलं. लहानपणी काय खाल्लं, तर भाकरी आणि मिळेल ते. गोवर आला होता, देवी टोचल्या होत्या, नदीला पूर आला तेव्हा बघायला गेली होती आणि मार खाल्ला होता. पुराचा आणि प्रकृतीचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण भाची मान डोलवत होती. मी तोपर्यंत फोनवर तिच्या त्या शब्दाचा अर्थ शोधत बसलो. हेतू हा, की तिची काहीतरी चूक निघावी.

चूक निघाली नाही. शब्द मूळ ग्रीक, अ‍ॅनॅम्नेसिस. अर्थ, पुन्हा आठवणं. डॉक्टरांनी तो पेशंटच्या पूर्ववृत्तासाठी घेतला. त्याआधी एका तत्त्वज्ञाचं म्हणणं होतं, की माणूस नवं काही शिकत नाही, आत्म्याला आधीपासून ठाऊक असलेलंच त्याला आठवतं. ख्रिस्ती उपासनेतही हा शब्द आहे. तिथं आठवण म्हणजे नुसतं मनात आणणं नव्हे, घडलेली गोष्ट विधी करून पुन्हा समोर उभी करणं. आणि प्रयोगशाळेतले लोक तो शरीरासाठी वापरतात. एखादा पदार्थ शरीराला दुसऱ्यांदा भेटला की ते त्याला ओळखतं आणि पहिल्यापेक्षा जोरात उठतं, ती त्यांची अ‍ॅनॅम्नेसिस. ग्रीकांकडे शब्दांची टंचाई असावी असं माझ्या मनात आलं. मी फोन खिशात ठेवला.

तेवढ्यात भाचीनं विचारलं, 'आज्जी, तू कधी बेशुद्ध पडली होतीस का? आयुष्यात एकदा तरी?'

'पडले की,' आई म्हणाली. 'आसरा लागल्या तवा.'

ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. विहिरीच्या नाहीतर ओढ्याच्या काठाला शेंदूर लावलेले सात दगड असतात, ते त्यांचे. तरण्या बाईवर त्यांचं मन बसलं की त्या तिला धरतात. आई तरुणपणी माहेरी गेली असताना मळ्यातल्या विहिरीकाठी त्यांनी तिला धरलं. आजीनं, म्हणजे आईच्या आईनं, तिथंच नवस बोलला आणि त्यांनी तिला सोडलं. तेव्हापासून दर आखाडात आम्ही कुंडलला जाऊन त्या दगडांपुढं दहीभात, पुरणपोळी आणि हिरव्या बांगड्या ठेवत आलो. कोरेगावहून पॅसेंजर, स्टेशनवरून टमटम, आणि पुढं मळ्यातून चिखल तुडवत. ताट आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या हातात असायचं.

आता आण्णा कसे, तर देवाधर्माचं नाव काढलं की कपाळाला आठी. पेशंटच्या दंडावरचा गंडा तपासताना आडवा आला तर कात्रीनं कापून टाकायचे आणि वर त्याला विचारायचे, की ह्यानं ताप उतरत होता तर इकडं कशाला आलास. दवाखान्यात देवाची एक तसबीर नव्हती. पण आखाडात हाच माणूस चपला बांधाला काढून, ताट दोन्ही हातांत धरून, अनवाणी विहिरीपर्यंत जायचा. कॉलेजात असताना मी यावरून त्यांना छेडायचो. सासुरवाडीचा मान असतो, एवढंच म्हणून ते पेपर उघडायचे. मीही समजून घेतलं होतं. बायकोवर जीव आहे, सासूचा नवस आहे, चालायचंच. आण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. विहीर बुजली, तिथं मामेभावांची द्राक्षबाग उभी राहिली. दगड बांधावर नीट मांडून ठेवलेत, आणि ताट मी नेतो.

भाचीलाही गोष्ट ठाऊक होतीच. पण ती अनाम्नेझच्या तंद्रीत होती. तिनं विचारलं, 'त्याच्या आधी काय झालं होतं?'

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. आमच्या घरात ती गोष्ट विहिरीपासूनच सुरू व्हायची.

आधी काय, आई म्हणाली, पायात बाभळीचा काटा मोडला होता. पाय सुजला होता, ताप होता. मग एवढ्या तापात विहिरीवर कशाला गेलीस, असं भाचीनं विचारलं.

'अंगाची आग व्हाय लागली म्हणून. हाताचं तळवं लय खाजत व्हतं. वाटलं, गार पाण्यात हात घालावं.'

मग जीभ जाड झाली, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, डोळे मिटत गेले, श्वास कोंडला आणि ती पडली. आई हे सगळं शेजारणीचं सांगावं तसं सांगत होती. मला तळव्यांच्या खाजेपाशीच कळलं होतं. तळवे याआधी त्या गोष्टीत आले नव्हते असं नाही. पण लहानपणी गोष्टीत ऐकलेले तळवे आणि दवाखान्यात पेशंटकडून ऐकलेले तळवे माझ्या डोक्यात वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते. परक्या बाईनं स्टुलावर बसून हे सांगितलं असतं तर मी तिला दुसरं वाक्य बोलू दिलं नसतं.

भाचीनं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच दिसत होतं. ही औषधाची रिअ‍ॅक्शन होती, जीव घेणारी. प्रश्न एवढाच होता, की औषध कोणतं. त्या काळी काट्याच्या जखमेला दोन इंजेक्शनं चालायची. एक धनुर्वातावरचं, घोड्याच्या रक्तापासून केलेलं. ते असेल तर उद्याच्या ऑपरेशनशी त्याचा काही संबंध नव्हता. दुसरं पेनिसिलिन. ते असेल तर मात्र गाठ होती, कारण ऑपरेशनआधी शिरेतून जे औषध देणार होते ते पेनिसिलिनच्याच भावकीतलं. इतक्या वर्षांत शरीर विसरलं असण्याचा संभव बराच असतो. पण तो संभव मला माझ्या आईवर तपासून बघायचा नव्हता.

मी विचारलं, काट्यासाठी इंजेक्शन घेतलं होतंस का.

'न्हाई,' ती म्हणाली. फार लवकर म्हणाली.

मग काय लावलं होतं, विचारलं. हळद भरली होती. गोळी? नाही. कुणी डॉक्टर बघून गेला होता? नाही. पाय बांधलेला असल्यामुळं तिला कूस बदलता येत नव्हती, म्हणून तिनं फक्त तोंड भिंतीकडे केलं. भाचीनं पुन्हा विचारायला तोंड उघडलं तर आई म्हणाली, की आता पुरे तुझं, मला झोप आली.

मी रोज माणसांचं 'नाही' ऐकतो. काही 'नाही' आठवत नसल्याचं असतं आणि काही चांगलं आठवत असल्याचं असतं. आईचं दुसऱ्या जातीचं होतं. मी बसल्या बसल्या गोष्ट पुन्हा पहिल्यापासून लावून पाहिली. कुंडलच्या मळ्यातल्या घरात त्या काळी सुई घेऊन कोण येणार. पण गोष्टीत एक वाक्य कायम असायचं, की आई पडली आणि आण्णा घरातून पळत आले. ते तिला न्यायला आले होते. कोरेगावात नुकतीच पाटी लावलेला तरुण डॉक्टर, आणि बॅगेशिवाय तो कुठं जात नसे. त्या घरात त्या दिवशी डॉक्टर होता. मला ते आवडलं नाही, पण दुसरं काही जुळत नव्हतं.

मी भाचीला चहा आणायला पाठवलं. ती समजली आणि लगेच परत आली नाही.

'आण्णांनी दिलं होतं का?' मी विचारलं.

आईनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. 'माझं वय झालं आता,' ती म्हणाली. 'उद्या जे व्हायचं ते हुईल. मेलेल्या माणसाला कशाला मधी आणतोस?'

म्हणजे उत्तर मिळालंच होतं. मी तिला समजावलं, की आण्णांना आता कुणी काही म्हणणार नाही. त्या काळात असं कुणाच्याही हातून व्हायचं, चाचणी करूनही व्हायचं. मला फक्त औषधाचं नाव हवंय. ती म्हणाली, तुला काय लिहायचं ते लिही, पण मी सुई घेतलेली नाही. मी चिडलो. नुसता संशय लिहिला तरी डॉक्टर सावध झाले असते हे खरं आहे. पण कशापासून सावध व्हायचं हे नीट सांगता येत असताना संशय कशाला लिहायचा. आणि खरं सांगायचं तर मला ते कळायला हवं होतं. मी आवाज चढवला. तिनं डोळे मिटून घेतले. म्हाताऱ्या माणसांना हे एक बरं असतं, की डोळे मिटले की पुढचा माणूस हरतो.

मी उठून खिडकीशी गेलो. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, 'उद्या सुई कोण देणार हाय?'

भूल देणारा डॉक्टर, मी म्हणालो.

'सकाळी आला व्हता त्यो? चष्म्याचा, बारका?'

तोच, मी म्हणालो.

'लेकरूच हाय की ते.' ती म्हणाली. 'आन मला काय झालं, तर त्याचं काय हुईल?'

मी डॉक्टरी उत्तर दिलं. त्याची चूक धरणार नाहीत, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसेल. मग उगीच बोलायचं म्हणून पुढं म्हणालो, की विसरणार मात्र नाही तो.

आईचा हात पांघरुणाबाहेर आला आणि पलंगाच्या दांडीवर जाऊन थांबला. 'भुकटी व्हती,' ती म्हणाली. 'बारक्या बाटलीत पांढरी भुकटी. पानी घालून त्यांनी हलवली.'

धनुर्वाताचं औषध पातळ असायचं. भुकटी म्हणजे पेनिसिलिन. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण आई थांबली नाही.

आण्णांनी सुई मधल्या घरात दिली. चाचणी केली नाही, कारण माझ्या बहिणीच्या वेळच्या बाळंतपणानंतर आईच्या छातीत गाठ होऊन पू झाला होता तेव्हा हेच औषध तिला दिलेलं होतं आणि काही झालं नव्हतं. पहिल्या खेपेला शरीर फक्त बघून ठेवतं, दुसऱ्या खेपेला ओळखतं. आई तळवे चोळत विहिरीवर गेली आणि पडली. मळ्यातली माणसं धावली. आण्णा बॅग घेऊन आले. काचेची कुपी फोडताना त्यांचा अंगठा कापला आणि तशाच रक्ताळलेल्या हातानं त्यांनी तिच्या दंडात दुसरी, उताऱ्याची सुई दिली. तिला श्वास आला, तोपर्यंत भोवती निम्मं गाव जमलं होतं. कुणीतरी विचारलं, की पावण्यानं काय टोचलं हिला.

तेव्हा आजी पुढं झाली. घरात दिलेली पहिली सुई तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तिनं त्या सात दगडांपुढं लोटांगण घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवस बोलला, की बायांनो, माझ्या लेकीला सोडा, दरसाल ताट आणीन. जमलेल्या माणसांना विचारायचं काही उरलं नाही. जावई नुकता धंद्याला लागलेला, आणि बायकोलाच सुई देऊन मारत होता ही बातमी कोरेगावच्या पुढच्या बाजाराला पोचली असती, तर त्याच्या दारात कुत्रंही फिरकलं नसतं. आजीनं जावयाचं नाव वाचवलं. पण पहिली सुई झाकायची तर दुसरीही झाकावी लागली. आईला आण्णांनी वाचवलं असं कुंडलमध्ये आजतागायत कुणी म्हटलेलं नाही. बायांनी सोडली, असंच म्हणतात.

मी विचारलं, की ते पहिल्या सुईनं झालं हे तुला कळलंय, हे आण्णांना माहीत होतं का.

त्यावर ते दोघं कधी बोललेच नाहीत, असं तिनं सांगितलं. आण्णा तेव्हापासून इंजेक्शन दिलेल्या पेशंटला अर्धा तास बाकावरून उठू द्यायचे नाहीत. लोक हसायचे, एस.टी. चुकते म्हणून कुरकुरायचे. मीही आज पेशंटला तसाच बसवतो. मी ती आण्णांची शिस्त समजत होतो. आणि आईला सुईची भीती वाटते, गोळ्याच द्या, असं आम्ही इतकी वर्षं प्रत्येक डॉक्टरला कौतुकानं सांगत आलो होतो. तिला भीती कसली वाटत होती हे मला आत्ता कळत होतं.

'एकदा सांगून टाकायचं होतंस त्यांना,' मी म्हणालो. 'मनावरचं ओझं उतरलं असतं.'

'त्ये दरसाल अनवाणी ताट घेऊन चालायचे,' आई म्हणाली. 'मी सांगितलं असतं, तर त्यांनी ताट कुनाम्होरं ठेवलं असतं?'

 मला रडू आलं नाही, तो माझा स्वभाव नाही. आधी आण्णांचा राग आला, मग आजीचा, मग आईचा, आणि तो कुणावरच टिकला नाही. वाईट वाटलं ते एका गोष्टीचं. त्या विहिरीकाठी एका तरुण डॉक्टरनं जवळजवळ गेलेली बाई परत आणली होती, आणि त्याबद्दल त्याला जन्मात कुणी शाबास म्हटलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी झालं आणि नीट झालं. आई आता वॉकर घेऊन घरभर फिरते, आणि वॉकर फरशीवर वाजतो म्हणून माझी दुपारची झोप गेली आहे. पण ऑपरेशनपेक्षा मला आदल्या संध्याकाळचं सांगायचं आहे.

भाची चहा घेऊन आली तेव्हा तो कोमट झाला होता. तिला मी फक्त औषधाचं नाव सांगितलं. तिनं अनाम्नेझचा विजय झाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं आणि या खेपेला मी ते चालवून घेतलं. संध्याकाळच्या फेरीला तो भूल देणारा तरुण डॉक्टर आला. मी उठलो आणि सवयीनं बोलायला सुरुवात केली, की आईला पूर्वी... आईनं हात वर करून मला थांबवलं.

'डॉक्टर,' ती म्हणाली, 'मला पेनिसिलिन चालत न्हाई. घेतलं तवा मी मेलेच व्हते.'

तिनं तो शब्द अगदी स्पष्ट उच्चारला. आमच्यापैकी कुणी तिच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. डॉक्टर खुर्ची ओढून बसला. किती वेळात त्रास सुरू झाला, काय काय झालं, श्वास कोंडला का, त्यानं एकेक विचारलं आणि ती एकेक सांगत गेली. तळवे, जीभ, गांधी. त्यानं सगळं नीट लिहून घेतलं, उद्याचं औषध बदलतो म्हणाला, आणि नर्सला लाल पट्टी आणायला सांगून ती स्वतः आईच्या मनगटाला बांधली. बरं झालं आज्जी तुम्ही सांगितलंत, असं तो म्हणाला. त्याच्या आवाजातली भीती मला ऐकू आली. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, तेव्हा तिलाही ती कळली असावी.

मग उठता उठता, रीत म्हणून विचारतात तसं त्यानं विचारलं, 'कुठल्या डॉक्टरांनी दिलं होतं, आठवतंय का?'

'न्हाई बाबा,' आई म्हणाली. 'एवढ्या वर्षांचं आता काय आठवतंय.'

त्यानं मान हलवली आणि माझ्याकडे वळला. सोबत आलेल्या माणसाला विचारायचं असतंच. 'सर, तुम्हाला काही कल्पना?'

'मी तेव्हा पाळण्यात होतो,' मी म्हणालो, आणि त्यानं फाईल मिटली.